नाडी फार एकसारखी असेल तर...
लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात आपण सायनस नोडपर्यंत, म्हणजे हृदयाच्या जन्मजात पेसमेकरपर्यंत आलो होतो. त्याला कोणी अडवलं नाही, तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. मग आपली नाडी सत्तर-बहात्तर कशी भरते? मेंदूच्या तळातून निघणारी व्हेगस नस त्याला लगाम घालून असते. जिना चढताना, दचकल्यावर लगाम सैल होतो आणि सिम्पथेटिक नसा टाच मारतात. या सगळ्याला आपली परवानगी लागत नाही.

मनगटावर बोटं ठेवून सावकाश, खोल श्वास घ्या. श्वास आत जाताना ठोके जरा लगबगीने येतात, सोडताना रेंगाळतात. तरुणांत हे सहज जाणवतं, वयाबरोबर कमी होत जातं. तेव्हा घड्याळासारखी टकटकणारी नाडी म्हणजे ठणठणीत हृदय, ही समजूत सोडलेली बरी.

ठोक्यांच्या या मागेपुढे होण्याची किंमत कळली १९८७ साली. अमेरिकेत रॉबर्ट क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८०८ रुग्णांचं २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावरच्या यंत्राने केलेली ठोक्यांची सलग नोंद, तपासलं. दोन ठोक्यांमधलं अंतर दिवसभरात सरासरीच्या किती मागेपुढे होतं, ते मोजलं. या मापाला एसडीएनएन म्हणतात. ज्यांचं माप ५० मिलिसेकंदांच्या खाली होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० च्या वर असणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त निघाला. व्हेगसचा ताबा सुटलेल्या, जखमी हृदयात जीवघेणी लय सुरू व्हायला फारसं निमित्त लागत नाही. (जुन्या मधुमेहात तर या नसाच खराब होतात. त्यामुळे काहींना अटॅक येतो आणि छातीत दुखतही नाही.)

मग माप कमी असलेल्यांना शॉक देणारं यंत्र, आयसीडी, बसवून टाकलं तर? २००४ च्या ‘डायनामिट’ चाचणीत नेमकं हेच केलं. नुकताच अटॅक आलेले, हृदयाचं पंपिंग कमी झालेले आणि नसांचा ताबा बिघडलेले ६७४ रुग्ण घेतले. यंत्रामुळे लय बिघडून होणारे मृत्यू कमी झाले, पण इतर कारणांनी झालेले मृत्यू वाढले. एकूण हिशेब जिथल्या तिथे. माझं मत विचाराल, तर हे माप इशारा चांगला देतं, पण उपाय सांगत नाही.

आता हा आकडा स्मार्टवॉचवर रोज सकाळी दिसतो. ते मोजमाप बहुधा थोड्या वेळाचं असतं, काही घड्याळांत सूत्रही वेगळं असतं. होल्टरच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका. शिवाय एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके वेडेवाकडे पडतात आणि आकडा उगाच फुगतो, म्हणून मोठा आकडा दिसला की निर्धास्त व्हावं असंही नाही.

एक मात्र पाळा. घड्याळातला आकडा सुधारला म्हणून ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकरची गोळी परस्पर बंद करू नका. ती अचानक थांबवणं हृदयरोग्याला महागात पडू शकतं. आधी डॉक्टरांना विचारा.