फेस काढणाऱ्या यंत्रास पाणी कसें द्यावें

समुद्राचे मासे टांकींत पाळणाऱ्यांस प्रोटीन स्किमर नांवाचें यंत्र लागतें. तें नीट चालेनासें झालें कीं लोक यंत्रास नांवें ठेवतात. आमच्या मतें दोष बहुधा यंत्राचा नसून त्यास पाणी देण्याच्या रीतीचा असतो.

गुऱ्हाळांत काहिलीवर मळी येते व ती काढल्यानें रस निवळतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. येथें आंचेचें काम हवा करते. माशांची विष्ठा व उरलेलें खाद्य यांतून निघणारीं प्रथिनें हवेच्या बारीक बुडबुड्यांस चिकटतात, फेसासह नळींतून वर चढतात व माथ्यावरील भांड्यांत पडतात. म्हणजे कुजून त्यांचा अमोनिया होण्यापूर्वींच तीं टांकीबाहेर जातात. गोड्या पाण्यांत बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून तेथें या यंत्रावर खर्च करणें बहुधा व्यर्थ होय.

हीं द्रव्यें पृष्ठभागीं जमतात. यास्तव टांकीच्या कडेस सांडवा ठेवून वरचेंच पाणी खालच्या टांकींत उतरवावें, व स्किमर तेथील पहिल्याच कप्प्यांत ठेवावा. त्यांतून बाहेर पडणारें पाणी त्याच्याच तोंडाशीं परत येऊं देऊं नये.

खरी मेख आहे ती पातळीची. कप्प्यांत पाणी चढलें कीं पातळ फेस भांड्यांतून उतूं जातो. उतरलें कीं फेस वर पोहोंचतच नाहीं. पुष्कळ स्किमरांस १८ ते २३ सेंटिमीटर पाणी मानवतें; विकणाऱ्यानें दिलेला आंकडा पाहावा व तेवढ्याच उंचीची आडभिंत कप्प्यास घालावी. बाष्पीभवनानें होणारी घट मग शेवटच्या, पंपाच्या कप्प्यांत दिसते. तो कप्पा ३० सेंटिमीटर चौरस असेल तर ४ लिटर पाणी उडतांच तेथील पातळी सुमारें साडेचार सेंटिमीटर उतरते. आडभिंत नसती तर ही चढउतार स्किमरला भोगावी लागती. मीठ उडत नाहीं, म्हणून ही भर गोड्या पाण्याचीच घालावी.

सांडव्याचें सगळें पाणी स्किमरमधून गेलेंच पाहिजे असा हट्ट नको. वेगळ्या पंपानें पाणी देणारांनीं तासास टांकीभर पाणी जाईल इतक्यापासून आरंभ करावा. पाटाला पाणी फार जोरानें सोडलें तर तें जमिनींत न मुरतां वाहून जातें. येथेंहि घाईनें गेलेल्या पाण्यास बुडबुड्यांचा सहवास घडत नाहीं.

आतां वीज जाण्याविषयीं. पंप थांबतांच वरच्या टांकींतील पाणी सांडव्याच्या काठापर्यंत खालीं उतरतें. १२० सेंटिमीटर लांब व ४५ रुंद अशा टांकीची पातळी ३ सेंटिमीटर उतरली तर १६ लिटर पाणी खालीं येतें. तेवढी जागा खालीं मोकळी नसेल तर तें घरांत पसरेल. परतीच्या नळाचें तोंड पाण्यांत खोल बुडालेलें असल्यास उलट ओढ लागून याहून पुष्कळ पाणी येतें. म्हणून तें पृष्ठभागाजवळच ठेवावें. वीज आल्यावर प्रथम पाणी वर चढविणारा पंप सुरू करावा, आणि खालची पातळी पूर्ववत् झाल्यावर मग स्किमर.