तिखटाची पारख

भिवापूरला मावशीच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या. निघताना तिने तिखटाची पुडी हातात दिली. मी थट्टेने विचारले, "मावशी, रंग खरा ना?" तिने मुकाट्याने पेल्यातल्या पाण्यावर चिमूटभर तिखट टाकले. लाल रेघ उतरली नाही. "बघ!" ती म्हणाली.

पण वाचकहो, सुदान नावाचा घातक रंग पाण्यात विरघळतच नाही. तो विरघळतो तेलात! तिखटातल्या या रंगापायी २००५ साली इंग्लंडात चारशेहून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले.

मग पारख व्हायची कशी? १९१० साली नागपूरला हिशेब खात्यात अधिकारी असलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी पुढे १९२८ साली दाखवून दिले, की रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशात त्या पदार्थाची खूण उमटते. ही खूण फार क्षीण. पण चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवर प्रकाश पडला, की त्यांतले इलेक्ट्रॉन एका तालात डोलू लागतात आणि कणाला चिकटलेल्या रेणूची खूण लाखो पटींनी ठळक होते. सुदान असा प्रयोगशाळेत पकडता येतो.

मावशीला हे सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं रे! आमच्या मिरचीच्या नावावर कुणी रंग विकला, तर चांदी तरी खरं बोलेल."