साप पाळायचाय? नाशिकच्या थंडीत नवख्यांचं गणित कुठं चुकतं, समजून घ्या

रीलमध्ये कुणीतरी गळ्यात बॉल पायथन घेऊन बसलेला दिसतो आणि आपल्याकडेही असा साप असावा, असं वाटू लागतं. साप भुंकत नाही, त्याला फिरायला न्यावं लागत नाही, रोज खायलाही लागत नाही. म्हणजे सोपंच की! नवखे लोक इथेच फसतात.

साप कुठला, हेच न पाहणं

शेतात सापडलेली धामण किंवा मांडूळ घरी ठेवणं हा छंद नाही, गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार नाग, धामण, अजगर, मांडूळ अशा देशी सापांना संरक्षण आहे. अजगरासारखा अनुसूची १ मधला प्राणी असेल, तर ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. घरात साप निघाला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करायचा, बरणीत भरून ठेवायचा नाही.

कागद न मागणं

बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला. त्याच्या व्यापारावर 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार ती 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. साप दगावला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून साप घेतला, तर अडचण घेणाऱ्याचीच.

थंडी विसरणं

नाशिकमध्ये हिवाळ्यात पारा १० अंशांच्या खाली जातो, शेजारच्या निफाडमध्ये तर आणखी खाली. साप स्वतःच्या शरीराची उष्णता तयार करत नाही, ती बाहेरूनच घेतो. बॉल पायथनच्या पेटीत एक बाजू साधारण ३१-३२ अंश आणि दुसरी २५-२७ अंश लागते. गारठ्यात खाल्लेला उंदीर पचत नाही, साप तो ओकतो. श्वसनाचा संसर्गही होतो. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातोंडातून बुडबुडे येणं ही त्याची लक्षणं.

यावर घाईत केलेला उपायही घातक ठरतो. थर्मोस्टॅट नसलेल्या हीट पॅडवर सापाची कातडी भाजते, तरी तो तिथून लगेच हलेलच असं नाही.

खाण्याची घाई

साप दूध पीत नाही. तो मांसाहारी आहे, त्याला उंदीर लागतात. पण पेटीत जिवंत उंदीर सोडून निघून गेलं, तर उंदीरच सापाला चावतो. खाल्ल्यावर किमान दोन दिवस त्याला हातात घेऊ नये. नवीन घरात आलेला बॉल पायथन काही आठवडे खात नाही, हेही नेहमीचंच. अशा वेळी रोज पेटी उघडून पाहिल्याने तो आणखी बिथरतो. लपायला जागा, पाणी आणि शांतता दिली की बहुतेकदा तो खायला लागतो.

कंटाळा आला की सोडून देणं

बॉल पायथन २०-३० वर्षं जगतो. कॉलेजात घेतलेला साप नोकरी, लग्न, बदली या सगळ्यात सोबत असतो. गंगापूर धरणाच्या काठावर त्याला सोडणं ही दया नव्हे. तिथे तो थंडीने मरेल किंवा रोग पसरवेल.

म्हणूनच साप घेण्याआधी एक प्रश्न विचारा: डिसेंबरच्या रात्री वीज गेली तर पेटी उबदार कशी ठेवणार आणि आजारी पडलेल्या सापाला तपासणारा पशुवैद्य जवळपास आहे का? उत्तर नसेल, तर साप पाहायला पुण्याचं कात्रज सर्पोद्यान आहेच.