या ना एकदा!

आमच्या काशीमीऱ्याच्या बाल्कनीतून अहमदाबाद हायवे दिसतो. दिसतो कसला, चोवीस तास ऐकू येतो! गुजरातकडून येणारे ट्रेलर, भाजीचे टेम्पो, एसट्या... सगळं आमच्या खिडकीखालून मुंबईत शिरतं. आणि आम्ही? वीकेण्डला गाडी काढली की सरळ उलट्या दिशेला. लोणावळा, अलिबाग, फारच कंटाळा असेल तर मॉल. हायवेच्या दुसऱ्या टोकाला आपलं कुणीतरी राहतं, हे माहीत असूनही.

ते 'कुणीतरी' म्हणजे काका. सख्खे नव्हेत, बाबांचे दोस्त. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात दोघं शेजारी-शेजारी बफिंगच्या मशीनवर होते. अठरा वर्षं एकाच डब्यातून जेवले. मग काकांनी गाव गाठलं. विक्रमगड तालुक्यात थोडी भातशेती आणि अर्धा एकर मोगरा. पण दिवाळीनंतर नवा तांदूळ घेऊन ते यायचेच. उन्हाळ्यात यायचे तेव्हा ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या. हॉलमध्ये सतरंजीवर झोपायचे आणि निघताना दारात चपला घालत म्हणायचे, "या ना एकदा सगळी!"

"येतो की!" आम्ही एका सुरात. बॉस, शहरात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं खोटं वाक्य कुठलं असेल तर ते हेच.

गेल्या दिवाळीत काका आले नाहीत. मे महिन्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. "बाबांचा गुडघा फार धरलाय. तुमचा तांदूळ बांधून ठेवलाय, पण आणून द्यायला जमत नाही म्हणून त्यांचा जीव खालीवर होतोय." बाबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "शनिवारी निघायचं." कुणालाही काही विचारलं नाही.

शनिवार, सकाळी सहा

दादाची सेकंडहँड सात सीटर. आत आई-बाबा, दादा-वहिनी, मी आणि सहा वर्षांचा भाचा. घोडबंदरचा फाटा मागे टाकला की पाच-दहा मिनिटांत वर्सोवा पूल. (अंधेरीचा वर्सोवा वेगळा, हे बाहेरच्यांना दरवेळी समजावावं लागतं!) इथला नवा पूल २०२३च्या मार्चमध्ये सुरू झाला. त्याआधी वसईच्या खाडीवर अडकलेल्या ट्रॅफिकमध्ये किती सकाळी वाया गेल्या, ते इथल्या नोकरदारांना विचारा.

पुढे चिंचोटी, वसई फाटा, विरार फाटा. उजवीकडे तुंगारेश्वरचे डोंगर सोबत चालतात. शिरसाडनंतर इमारती विरळ होतात. रस्त्याकडेला बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या. भाच्याने तोंड जांभळं करून घेतलं आणि शर्टही. मनोरला मस्तान नाक्यावर हायवे सोडून उजवीकडे वळलो, आणि तो चोवीस तासांचा आवाज एकदम बंद झाला. विक्रमगड तिथून वीस-पंचवीस किलोमीटर. साग, मोह, मध्येच वारली चित्रं काढलेल्या भिंती. शंभर किलोमीटरच्या आतलं गाव. तिथे जायला आम्हाला चौदा वर्षं लागली होती.

काका अंगणात काठी टेकून उभेच होते. बाबा गाडीतून उतरले. मला वाटलं गळाभेट वगैरे होईल. बाबा म्हणाले, "बारीक झालास." काका म्हणाले, "तू जाड झालास." झालं! दोघं बाजेवर बसले ते दुपारपर्यंत.

पाच खेपा

आल्या आल्या आम्ही सगळ्यांनी आंघोळी उरकल्या. उकाडा, धूळ, आणि पाहुण्यांसाठी न्हाणीत पाणी भरून ठेवलेलं. भाच्याने शॉवर कुठाय विचारलं आणि काकूंनी हसून त्याच्या डोक्यावर तांब्याने पाणी घातलं. नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कैरीचं लोणचं. टिपिकल शहरी माणसासारखे आम्ही सगळ्याचे फोटो काढत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला भांड्याच्या आवाजाने जाग आली. काकू आणि सून विहिरीवर निघाल्या होत्या. मीही एक कळशी उचलली. बॅटरीच्या उजेडात दहा-बारा मिनिटांची चाल. विहिरीचा तळ दिसत होता. पाणी साठायची वाट बघत चार बायका आधीच बसलेल्या. माझी कळशी घरी पोचेपर्यंत निम्मी माझ्याच अंगावर सांडली होती.

सुनेला विचारलं, "काल आमच्यासाठी किती खेपा केल्यात?"

"असू दे ना ताई."

"सांग ना."

"पाच."

मग कळ्या तोडायला गेलो. मोगरा उमलायच्या आत तोडावा लागतो. इथल्या कळ्या दादरच्या फुलबाजारात जातात. ऑफिसच्या एथनिक डेला मी तिथूनच गजरा घेते! मे महिन्यात पाणी मोगऱ्याला द्यायचं की घरात, हा काकूंचा रोजचा हिशोब. आदल्या दिवशी आम्ही त्या हिशोबात पाच खेपांची भर घातली होती. त्या दिवशी मी एका तांब्यात तोंड धुतलं आणि गप्प बसले.

पाणी निघालं मुंबईला

दुपारी काका म्हणाले, "चला, धामणीचं धरण दाखवतो." सूर्या नदीवरचं हे धरण याच तालुक्यात. उन्हाळ्यातही समोर पसरलेलं पाणी बघून भाचा ओरडला, "केवढं पाणी!" आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही.

सूर्या प्रकल्प मुळात शेतीसाठीचा. त्यातून शहरांसाठी दिवसाला ४० कोटी ३० लाख लिटरची योजना आखली गेली. त्यात १८ कोटी ५० लाख लिटर वसई-विरारला, तर २१ कोटी ८० लाख लिटर आमच्या मीरा-भाईंदरला. वसई-विरारला हे पाणी २०२३ पासून मिळू लागलं. पाणी शहरांकडे वळवायला इथल्या शेतकऱ्यांनी विरोधही केला होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र 'सूर्याचं पाणी कधी येणार' एवढाच विषय असतो. मीही तिथे दोनदा रागाची इमोजी टाकली आहे.

"काका, तुम्हाला राग नाही येत?" मी विचारलं.

"तुम्हाला पाणी नको का?" ते म्हणाले. "तुमचा टँकरचा त्रास मी बघितलाय, तुमच्याकडे राहिलोय ना. फक्त जाता जाता आमच्या दारातनं गेलं असतं तर बरं झालं असतं."

हेच खरं तर सांगायचंय. तांदूळ, मोगरा, कामाला येणारी माणसं आणि आता पाणीसुद्धा... सगळं त्या टोकाकडून आमच्याकडे येतं. काकांना आमचा त्रास माहीत होता, कारण ते आमच्याकडे राहिले होते. आम्हाला त्यांचा माहीत नव्हता, कारण आम्ही कधी गेलोच नव्हतो. इतकं साधं आहे.

निघताना आई स्वयंपाकघरात काकूंचा निरोप घेत होती. कोपऱ्यात स्टीलचा हंडा. त्याच्या काठावर कोरलेलं : 'भाईंदरहून सप्रेम भेट'. बाबांनी काकांच्या लग्नात दिलेला, दोघांनी मिळून चकाकवलेला. पहाटे काकूंच्या डोक्यावर तोच होता. बाबांनी त्यावरून एकदा हात फिरवला. मग तांदळाचं पोतं स्वतः गाडीत ठेवलं आणि म्हणाले, "दिवाळीनंतर तू येऊ नकोस. आम्ही येतो."

"येतो की, असं का?" काकांनी हसत विचारलं.

"नाही. भाऊबीजेनंतरचा पहिला शनिवार."

तुम्हीही निघणार असाल तर...

पहाटेच निघा, उशीर केलात तर हायवेवर ट्रॅफिक ठरलेलं. मनोरच्या आधी पेट्रोल भरून घ्या. उन्हाळ्यात कुणाच्या घरी राहणार असाल तर मिठाईच्या बॉक्सऐवजी पाण्याचे दोन-तीन मोठे कॅन न्या, आणि पहाटे जाग आली तर एक कळशी तुम्हीही उचला. आणि हो, दारात उभं राहून कुणी 'या ना एकदा' म्हणालं, तर 'येतो की' म्हणू नका. तारीख सांगा.