मॅनिफोल्ड का तडकतो?

कामठीत एखाद्या अंगणात अजून जुनी फियाट ११०० उभी दिसते. कुर्ल्याला तयार होणारी हीच गाडी पुढे पद्मिनी झाली. इंजिनाजवळ फटफट आवाज येऊ लागला, की एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाहावा. चारही सिलिंडरांचा धूर गोळा करणारी ही बिडाची नळी बहुधा तडकलेली असते.

आता थोडे गणित करा. नळी ४०० मिलिमीटर लांब व तापमानवाढ ५०० अंश सेल्सिअस धरू. बिडाचा प्रसरणांक सुमारे ०.००००११, म्हणजे लांबी २.२ मिलिमीटर वाढली! सिलिंडर-हेड अ‍ॅल्युमिनियमचे. त्याचा प्रसरणांक दुपटीहून जास्त, पण आत पाणी खेळत असल्याने ते सुमारे ५० अंशांनीच तापते. त्याची वाढ अर्धा मिलिमीटरही नाही. दोन्ही टोके जखडली, तर बिडाने जावे कोठे?

म्हणून नवा मॅनिफोल्ड बसवताना मधले नट आधी व टोकांचे शेवटी, तेही बेताने आवळतात. गॅस्केट नवेच हवे. खरे कष्ट जुने गंजलेले नट काढण्याचे! रात्रभर तेल मुरू द्या; घाई केली की स्टड तुटतो.

इंजिन उघड्यावरच सुरू करा. गळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. बंद गॅरेजात तो जीव घेतो. सांध्याजवळ धरलेली कागदाची पट्टी फडफडली, तर गळती आहे.