बंगळुरूचा पगार, पुण्याचा हिशेब

पुण्यात वर्षाला 15 लाख मिळवणाऱ्याला बंगळुरूहून 18 लाखांची ऑफर आली, की घरात पहिली चौकशी होते ती भाजीपाल्याची. तिकडे टोमॅटो काय किलो, तांदूळ कसा, पेट्रोल केवढ्याला? मग कोणीतरी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडतं, दोन शहरांची नावं टाकतं आणि ‘इतके टक्के महाग’ असा आकडा वाचून दाखवतं. तेवढ्यावर निर्णय घेणारी शहाणीसुरती माणसंही आहेत.

हे आकडे येतात कुठून? नंबिओसारख्या संकेतस्थळावर ते लोकांनीच भरलेले असतात, त्यामुळे भरणारा कसा राहतो यावर शहर स्वस्त की महाग हे ठरतं. मर्सर या सल्लागार कंपनीची यादी प्रसिद्ध झाली की मुंबई देशातलं सर्वांत महाग शहर असल्याची बातमी येते. पण ती यादी परदेशी नेमणुकीवर पाठवलेल्या अधिकाऱ्यांच्या खर्चासाठी बनते. पिंपरीहून व्हाइटफील्डला निघालेल्या कुटुंबाशी तिचा काय संबंध? सरकारी निर्देशांक तर इथे सरळ दिशाभूल करतो. कामगार ब्युरो 88 केंद्रांतल्या औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक काढतो, तो 2016 ची पातळी 100 धरून. त्यात बंगळुरूचा आकडा पुण्याहून कमी दिसला, तर तिथे 2016 नंतर भाव कमी वेगाने वाढले एवढंच कळतं. आधीपासून महाग असलेलं शहरही 100 वरूनच सुरुवात करतं.

त्यापेक्षा एक साधी कसोटी लावावी. जे ट्रकमध्ये भरून एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येतं, त्याचे भाव फार वेगळे राहत नाहीत. साबण, बिस्किटं, चहापूड यांवर तर छापील किंमतच असते. डाळ, तेल, साखर यांतला फरक महिन्याच्या बजेटमध्ये जाणवणारही नाही. दूध मात्र अपवाद. कर्नाटक सरकार शेतकऱ्याला लिटरमागे अनुदान देतं, म्हणून नंदिनीचं टोन्ड दूध आपल्याकडच्या पिशवीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. नाश्ताही. दर्शिनीत उभ्याने इडली-वडा आणि फिल्टर कॉफी घ्यायची सवय लागली की बाहेर खाणं परवडतं. उलट इंद्रायणी तांदूळ आणि कांदालसूण मसाल्यावाचून ज्यांचं पान हलत नाही, त्यांना हौसेची किंमत मोजावी लागेल. भाकरीची मात्र चिंता नको, उत्तर कर्नाटकी खानावळीत ज्वारीची रोट्टी मिळते आणि चांगली मिळते.

खरा फरक पडतो तो जे ट्रकमध्ये चढत नाही त्यात. त्यात पहिलं घर. पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट पुरतं. बंगळुरूत जुनी रीत दहा महिन्यांची. हल्ली पाच-सहा महिन्यांवरही मालक तयार होतात, पण मागून पाहावं लागतं. 30 हजार भाड्याच्या घरासाठी दहा महिन्यांचे 3 लाख अडकले, तर 7 टक्क्यांच्या ठेवीच्या हिशेबाने वर्षाचं 21 हजार व्याज बुडालं. म्हणजे भाडं 30 हजार नव्हे, 31,750. शिवाय घर सोडताना रंगकामापोटी महिन्याचं भाडं कापून घेण्याची पद्धत सर्रास आहे. ती करारात लिहिली आहे का, हे सही करण्याआधीच बघावं.

आता हेच भाडं पगाराशी ताडून पाहा. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर सवलत नाही, म्हणजे भाडं कर भरून उरलेल्या पैशातून जातं. 18 लाखांच्या पगारावर वरचा टप्पा 20 टक्क्यांचा, उपकरासह 20.8. त्यामुळे घरभाडं महिन्याला 10 हजारांनी वाढलं, तर ते भरून काढायला पगार सुमारे 12,600 रुपयांनी वाढायला हवा. वर्षाला दीड लाख! तीन लाखांच्या वाढीतली निम्मी इथेच संपली.

दुसरं अंतर. फेब्रुवारी 2025 च्या दरवाढीनंतर बंगळुरू मेट्रोचं कमाल भाडं 90 रुपये झालं. पुणे मेट्रोचं 35. मेट्रो ऑफिसपर्यंत जात असेल तर 90 रुपयेही सत्कारणी लागले म्हणायचे, कारण आउटर रिंग रोडवर रोजचे दोन-अडीच तास घालवणाऱ्याला त्याची किंमत कुठलाच कॅल्क्युलेटर सांगत नाही. म्हणून भाड्याची तुलना ‘शहराशी शहर’ अशी करूच नये. ऑफिसपासून पाऊण तासाच्या आत जी घरं येतात, त्यांचीच दोन्हीकडची भाडी घ्यावीत. मी तर म्हणेन, हा एकच आकडा खरा मिळाला तरी अर्धं काम झालं.

गाडी असेल तर तिचंही बघावं लागतं. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त राहिल्यास पुनर्नोंदणी बंधनकारक आहे. कर्नाटकातला आजीवन रोड टॅक्स देशातल्या चढ्या दरांपैकी: 10 ते 20 लाखांच्या नव्या पेट्रोल गाडीवर आपल्याकडे 12 टक्के, तिकडे 17. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते आणि इकडचा उरलेला कर परत मागता येतो. मात्र आरटीओचे हेलपाटे गृहीत धरा.

पाण्याचं विचारल्याशिवाय घर ठरवू नये. 2024 च्या उन्हाळ्यात बंगळुरूत बोअरवेल आटल्या आणि प्रशासनाला टँकरचे दर बांधून द्यावे लागले. वाघोली-उंड्रीच्या लोकांना यात नवल वाटणार नाही. देखभाल खर्चात पाणी धरलं आहे की टँकरचं बिल वेगळं येतं, हे मालकाला नव्हे, शेजाऱ्याला विचारावं. विजेला मात्र दिलासा आहे: गृहज्योती योजनेत 200 युनिटांच्या आतल्या घरगुती वापराला, सरासरीच्या मर्यादेत, बिल माफ होतं आणि भाडेकरूही त्यासाठी अर्ज करू शकतात.

आणि एक खर्च कुठल्याच तक्त्यात नसतो. पुण्यात आजी-आजोबा जवळ असतील तर पाळणाघराचे पैसे वाचलेले असतात. तिकडे ते द्यावे लागतील, वर गणपती-दिवाळीला साडेआठशे किलोमीटर यायचं. सणाच्या आठवड्यात खासगी बसचं तिकीट नेहमीच्या किती पट होतं, हे सांगायला नको.

हे सगळं मांडून पाहिलं तर 15 वरून 18 लाख ही लहान मूल असलेल्या जोडप्यासाठी पगारवाढ नाहीच. एकट्या, ऑफिसजवळ खोली घेऊन राहणाऱ्याला ती आहे. जायचंच असेल, तर डिपॉझिटसाठी बिनव्याजी उचल आणि सामान हलवण्याचा खर्च कंपनीकडे आत्ताच मागा. ही बोलणी होकार कळवण्याआधीच करायची असतात, रुजू झाल्यावर कोणी ऐकत नाही.