नेताजींना नेणाऱ्या दोन पाणबुड्या आणि मुंबईहून निघालेलं 'तिलावा'

नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीहून पाणबुडीने आशियात आले, हे आपण शाळेत वाचलंय. पण त्या प्रवासात पाणबुड्या दोन होत्या. त्यातल्या दुसरीने पाच महिन्यांपूर्वीच मुंबईकरांची घरं उद्ध्वस्त केली होती.

पहिली जर्मन 'यू-१८०'. ९ फेब्रुवारी १९४३ रोजी नेताजी आणि आबिद हसन तिच्यातून कील बंदरातून निघाले. वाटेत १८ एप्रिलला तिने 'कॉर्बिस' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं, तेव्हा नेताजी आतच होते. एप्रिलअखेर मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात दोघे रबरी होडीतून जपानी 'आय-२९' वर पोहोचले. मे महिन्यात ते सुमात्राजवळच्या सबांगला उतरले.

आता मुंबईचा संबंध. २० नोव्हेंबर १९४२ ला 'तिलावा' जहाज मुंबईहून आफ्रिकेकडे निघालं. २३ तारखेला याच 'आय-२९' ने त्यावर टॉर्पेडो सोडले. ९५८ पैकी २८० जण गेले. वाचलेल्यांना ब्रिटिश युद्धनौका 'बर्मिंगहॅम'ने मुंबईला परत आणलं.

पुढे दोन्ही पाणबुड्याही बुडाल्या. 'आय-२९' ला जुलै १९४४ मध्ये अमेरिकन पाणबुडीने बुडवलं. महिनाभरात 'यू-१८०' बिस्केच्या उपसागरात ५६ जणांसह नाहीशी झाली, एकही वाचला नाही.

नेताजींचा प्रवास आपल्याला पाठ आहे. 'तिलावा'वरच्या २८० जणांची आठवण मात्र फार कमी निघते.